पावलेलं हेल्मेट

आमच्या घरात हेल्मेट आणायला बंदी होती. म्हणजे बघा, ज्या माणसाचं निम्मं आयुष्य लोकांना हेल्मेटं वाटण्यात गेलं, त्याच्याच घरात! हे कामावरून सुटले की स्वतःचं हेल्मेट तिकडेच खिळ्याला अडकवून यायचे. कधी चुकून हातातून आलंच, तर खाली जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर ठेवायचे आणि मग रिकाम्या हाताने वर यायचे. शेजारीण एकदा काळजीने म्हणाली, "अहो, तुमच्या मिस्टरांचं हेल्मेट खाली राहिलंय, चोरीला जाईल." मी म्हटलं, जाऊ दे, चोराचं डोकं तरी शाबूत राहील.

बंदी तशी कोणी बोलून घातलेली नव्हती. हेल्मेट नजरेला पडलं की माझी धाकटी जाऊ हातातलं काम टाकून आत निघून जायची, एवढंच. तेवढं पुरे होतं.

हे म्हणजे माझा नवरा. चिमण्या, बॉयलर, मोठमोठ्या टाक्या उभारणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. स्टोअर म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली आणि तिला जाळीची खिडकी. हातमोजे, बूट, पट्टे, गॉगल सगळं त्या खिडकीतून मिळायचं, पण ह्यांचा जीव फक्त हेल्मेटात. बूट मागायला आलेल्या माणसाला बूट मिळायचे निमूटपणे. हेल्मेट मागायला आला की त्याची उलटतपासणी. काम काय करतोस? उंचावर की खाली? विजेजवळ की आगीजवळ? वाकून काम आहे का? मग हनुवटीच्या पट्ट्याचं घे. बघू डोकं. इकडे वळ. टोपी काढ ती आतली. लोक वैतागायचे. तोंडावर काका म्हणायचे आणि पाठ वळली की डोकेदुखी. "चल रे, डोकेदुखीकडून हेल्मेट घेऊन येऊ." ह्यांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, "म्हणू देत. दुखायला डोकं तर जागेवर आहे ना!"

हे डबा विसरले की मला तिकडे जावं लागायचं, आणि हे बऱ्याचदा विसरायचे. एकदा गेले तर खिडकीशी एक गॅस कटर उभा. म्हणजे गॅसच्या ज्योतीने लोखंड कापणारा, आडदांड, आवाज असा की भिंत हादरावी. त्याचं हेल्मेट ह्यांच्या हातात, आणि त्याला वरून ड्रिलने पाडलेली भोकं.

"हे काय केलंस?"

"काका, उकडतं हो फार. म्हटलं हवा खेळेल."

"मग डोक्यालाच पाडायचं होतंस एक भोक. आतूनच हवा खेळली असती. तिथे काय, सगळं रिकामंच आहे."

मागची सगळी रांग हसली. गॅस कटर खजील झाला, पण हलला नाही. ह्यांनी त्याचं हेल्मेट त्याच्यादेखत शिकंज्यात धरलं, करवत घेतली आणि मधोमध कापून दोन तुकडे केले. मग फडताळातून दुसरं काढलं. उकाड्यात काम करणाऱ्यांसाठी कारखान्यातूनच झरोके ठेवलेलं हेल्मेट येतं, ते. आतल्या पट्ट्यांचं जाळं त्याच्या डोक्याला बसवलं, मागची चकती फिरवून घट्ट केली, त्याला मान खाली घालायला लावली आणि म्हणाले, "पडलं का? नाही ना? आता जा. आणि ह्या जाळ्याच्या वर जी मोकळी जागा आहे ना, तिथे सिगारेटचं पाकीट कोंबलंस तर याद राख. ती जागाच माणसाला वाचवते."

हेल्मेटला मार लागला की ते मोडीत, हा त्यांचा दुसरा कायदा. नट पडलेला असो की वीट, चीर दिसो की न दिसो. माणूस हात जोडायचा, "अहो, नवंकोरं आहे, एवढासा टवका उडालाय!" हे ऐकायचे नाहीत. करवत चालायची. नुसतं भंगारात टाकलं तर कोणीतरी उचलून डोक्यावर घालतं, म्हणून दोन तुकडे. "एकदाच काम करतं ते," म्हणायचे. "त्याने केलं. आता त्याला सोडा." साहेब लोकसुद्धा ह्यांच्या करवतीच्या वाटेला जात नसत.

माझं डोकं फिरायचं. घरी भांडं घासून ठेवलं तरी हे उलटं करून आत चीर आहे का बघायचे. मी म्हणायचे, "ते पातेलं आहे, डोक्यावर घालायचं नाहीये मला." पण चिडून तरी काय करणार! हा माणूस असा जन्मला नव्हता. असा झाला होता.

लग्न झालं तेव्हा हे स्टोअरमध्ये नव्हते. परांची बांधायचे. चिमणीभोवती नळ्यांचा जो सांगाडा उभा करतात, ज्याच्यावर चढून बाकीचे काम करतात, ती परांची. सगळ्यांच्या आधी हे वर आणि सगळ्यांच्या नंतर खाली. अंगात मस्ती होती. टोळीतली सगळीच माणसं तशी, वाऱ्यावर उभं राहून विनोद करणारी. आणि त्या टोळीत एक खूळ होतं. वरून काही पडलं आणि हेल्मेटने माणूस वाचला, तर ते हेल्मेट पावलं असं धरायचे. मग ते स्टोअरला परत नाही द्यायचं. त्याच्यावर तांबड्या रंगाची एक रेघ ओढायची, आणि पुढे टोळीत जो सगळ्यात लाडका असेल त्याच्या डोक्यावर ते चढवायचं. स्टोअरचा तेव्हाचा म्हातारा कानीकपाळी ओरडायचा, "अरे ते मेलंय आता, जमा करा, नवं घ्या!" टोळी हसायची. ज्याने जीव वाचवला त्याला टाकून द्यायचं आणि ज्याने अजून काहीच केलं नाही ते घालायचं, हे कुठलं शहाणपण, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगते, तेव्हा मलासुद्धा ते पटायचं.

ह्यांचं हेल्मेट असंच पावलं. वरच्या मजल्यावरून कोणाच्या तरी हातून पाना निसटला आणि थेट ह्यांच्या टाळूवर. दुसरा कोणी असता तर तिथेच आडवा झाला असता. हे घरी आले मान वाकडी करून, हसत. मी रात्रभर मान शेकली आणि शिव्या घातल्या. हेल्मेट मांडीवर घेऊन बघितलं तर काही नाही. जरा घासल्यासारखं, आणि उजेडात तिरकं धरलं तर केसाएवढी एक रेघ. मी त्या हेल्मेटवरून चक्क हात फिरवला, लेकराच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

पुढे माझा दीर त्याच टोळीत लागला. ह्यांच्याहून बराच लहान. आईबाप लवकर गेले, ह्यांनीच त्याला वाढवला, म्हणजे भाऊ कमी आणि मुलगाच जास्त. त्याचं लग्न झालेलं, पोरगी मांडीवरची. कामाच्या पहिल्या सकाळी आमच्या ह्याच स्वयंपाकघरात ह्यांनी आपल्या डोक्यावरचं तांबड्या रेघेचं हेल्मेट काढलं आणि त्याच्या डोक्यावर घातलं. स्वतः स्टोअरमधून दुसरं साधं घेतलं.

"वहिनी, कसा दिसतो?"

"झाकण लावलेल्या बरणीसारखा," मी म्हटलं.

धाकटी इतकी हसली की मांडीवरची पोर दचकून रडायला लागली. ह्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "हे आहे तोवर मला घोर नाही."

थोड्याच महिन्यांत ते झालं. वरून क्लॅम्प सुटला. नळ्या एकमेकींना जखडायचा लोखंडी क्लॅम्प, मुठीत मावेल एवढा. पान्यापेक्षा जड नव्हता. हेल्मेट अंड्याच्या टरफलासारखं फुटलं. हे खालच्याच फळीवर उभे होते. त्याला पाठीशी बांधून ह्यांनीच खाली उतरवला. खाली येईपर्यंत तो गेलेला होता.

स्टोअरच्या म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी ह्यांना ते तुकडे दाखवले. फुटलेली कड अर्धी स्वच्छ, चकचकीत होती, ती कालची. उरलेली अर्धी मळकी, तिच्यात सिमेंटची धूळ मुरलेली. म्हणजे चीर आधीचीच. पान्याने पाडलेली, ह्यांच्या डोक्यावर असताना. म्हातारा काही वेडंवाकडं बोलला नाही. नुसता रडला म्हणे.

हे घरी आले आणि माणसांनी भरलेल्या खोलीत उभे राहून त्यांनी ते सांगितलं. लपवलं नाही. "मी फुटकं हेल्मेट घातलं त्याच्या डोक्यावर. तो मला एकदा म्हणालाही होता, दादा, हे दाबलं की वाजतं जरा. मी म्हटलं, वाजू दे, पावलेलं आहे ते." एवढं बोलून खालीच बसले. धाकटीने सगळं ऐकलं. पोरीला उचललं आणि आत गेली. त्या दिवसापासून ती ह्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

घर सोडून गेली नाही हो. कुठे जाणार? आणि जाऊ कोण देणार! इथेच राहिली, शिलाईचं मशीन घेतलं, लोकांचे कपडे शिवले, माझ्या बरोबरीने घर ओढलं. ह्यांचे कपडे उसवले तर तीच शिवायची. ह्यांना ताप आला तर काढा तीच करायची. फक्त बोलायची नाही, आणि बघायची नाही. सगळा व्यवहार माझ्यामार्फत. हे समोर पाटावर बसलेले, ताट समोर, आणि ही म्हणायची, "ताई, दादांना सांगा, भाजी गरम आहे." मी ह्यांच्याकडे वळून म्हणायचे, "भाजी गरम आहे." हे म्हणायचे, "बरं." मी तिच्याकडे वळून, "बरं म्हणतात." आता ह्याला काय म्हणायचं! माझा अगदी पोस्टमन करून टाकला दोघांनी. सुरुवातीला मला हसू यायचं, मग संताप यायला लागला, आणि मग सवय झाली. सवय झाली हेच वाईट.

हे पुन्हा परांचीवर चढले नाहीत. म्हातारा निवृत्त झाला तेव्हा साहेबांकडे जाऊन ती खिडकी मागून घेतली. पगार उतरला, मी काही बोलले नाही. माणूस त्या खिडकीत बसून काय करत होता ते मला कळत होतं. येईल त्याच्या डोक्यात ह्यांना एकच डोकं दिसायचं.

आणि घरी त्यांना हवं होतं एवढंच, की धाकटीने एकदा त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलावं. काहीही. मला म्हणायचे, "शिव्या दे म्हणावं. तुम्ही माझा नवरा मारलात असं म्हणू दे. पण मला म्हणू दे गं, तुझ्यामार्फत नको." मी एकदा चिडून तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तोंडाला काय कुलूप लावलंयस जन्माचं? भांड हवं तर, पण बोल त्यांच्याशी. माणूस झुरून चाललाय." तिने मशीन थांबवलं. वाटलं, आता काहीतरी बाहेर पडणार. ओठ हललेसुद्धा. मग म्हणाली, "ताई, एवढा सुईत दोरा ओवून देता का? मला दिसत नाहीये." मी दिला ओवून.

पोर ह्या सगळ्यात वाढली. ठमी म्हणतो आम्ही तिला. तिचं मात्र ह्यांच्याशी गूळपीठ. मोठेबाबा मोठेबाबा करत अंगाखांद्यावर चढायची. हे तिचं डोकं हाताच्या वितीने मोजायचे, कपाळापासून मागून फिरवून पुन्हा कपाळापर्यंत, आणि म्हणायचे, "वाढलं गं, वाढलं! अक्कल कधी वाढणार?" आईला समोर बघितलं की हात काढून घ्यायचे. मला तेव्हा फार तुटायचं आत.

ठमी शिकली विजेचं काम, आणि तिला नोकरी लागली वीज उपकेंद्रात. मोठमोठे खांब, तारा, वर चढायचं, खाली उतरायचं. पेढे नाहीत नि काही नाहीत. धाकटी मशीनवर वाकून राहिली. ह्यांचा हात ताटातच थांबला. पोरगी बिचारी आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होती. शेवटी मीच म्हटलं, "अरे, अभिनंदन तरी करा पोरीचं!"

रुजू व्हायच्या आधी तिला बाहेरगावी प्रशिक्षणाला पाठवलं. हेल्मेट तिकडे मिळणारच होतं, पण ह्यांना ते पटेना. म्हणाले, "मी निवडणार." सुट्टीच्या दिवशी मला बरोबर घेऊन बाजारात निघाले. मला का, तर मी त्यांना ठरवायला मदत करीन म्हणून. मदत कसली डोंबलाची! दुकानामागून दुकानं. माझ्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली. काचेत मांडलेलं नको, त्याने ऊन खाल्लंय. खोक्यातलं दाखवा. हे नको, ह्याला झरोके आहेत, विजेच्या कामाला भोक नको. हे नको, ह्याच्यात धातूची पिन आहे. हे नको, पट्टा दोनच टोकांना आहे, चार टोकांना हवा. आत कोरलेल्या गोलातला बाण बघायचे, कुठल्या महिन्याचा माल आहे ते कळायला, आणि मान हलवायचे. जे जरा पसंत पडेल ते दोन्ही तळव्यांत धरून दाबायचे आणि कानाशी न्यायचे. एक दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, हेल्मेट घेताय की कलिंगड?" मला हसू फुटलं. हे हसले नाहीत. "वाजतंय का ते बघतोय," म्हणाले, आणि पुन्हा दाबलं.

संध्याकाळी एक सापडलं. पांढरं, विजेच्या कामाचं, चार टोकांना पट्टा. ह्यांनी त्यातलं जाळं ठमीच्या मापाला लावून घेतलं, माप काय, त्यांच्या हातातच होतं. घरी येताना ते खोकं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. जिन्याखाली मीटरच्या पेटीपाशी आले आणि थांबले.

"चला वर," मी म्हटलं.

"तू ने."

"अहो, पोरीसाठी आणलंय. ती काय खाणार आहे तुम्हाला?"

"तू ने गं. तिला सांग, मी सगळं तपासलंय. सांग, ठीक बसतंय का ते ठमी आली की बघ. आणि मला सांग म्हणावं."

मी नेलं. धाकटी कणीक मळत होती. मी खोकं उघडून तिच्यापुढे धरलं आणि जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, उठून जाईल. तिने हात धुतले, पुसले, माझ्या हातातून हेल्मेट घेतलं आणि आपल्या खोलीत नेऊन दार लावलं. तेवढं झालं ह्याचाच ह्यांना केवढा आनंद! तिने हातात घेतलं, घेतलं ना, असं मला पुन्हा पुन्हा विचारलं. त्यानंतर रोज कामावरून आले की चप्पल काढतानाच हळू आवाजात, "काही म्हणाली का?"

"नाही हो अजून. पोर कुठे आलीय!"

"हो, तेही खरंच. पोर आली की बोलेल."

पोर यायच्या आधीच हे गेले. खिडकीतच. दुपारी टेबलावर डोकं ठेवून बसले होते, लोकांना वाटलं डुलकी लागली. तो गॅस कटर हेल्मेट घेऊन आला होता. वरून कसला तरी तुकडा पडला होता त्याच्यावर, आणि गडी आपणहून ते जमा करायला आलेला. "काका, काका" म्हणून हाका मारत राहिला. मग दार तोडून आत शिरला. मला कळवायला तोच आला, आणि एवढा आडदांड माणूस जिन्यातच बसून राहिला, वर येईना. निघताना म्हणाला, "काकू, ते हेल्मेट मी कापून टाकलं. त्यांच्याच करवतीने." मला रडू फुटलं ते तेव्हा. तोपर्यंत फुटलं नव्हतं.

त्या दिवसांतही धाकटी बोलली नाही. ह्यांना नेताना ती दाराची चौकट धरून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, दगड आहेस तू. निव्वळ दगड.

मग ठमीचा कामावर जायचा पहिला दिवस आला. पोरगी मोठेबाबांसाठी रडून रडून डोळे सुजवून बसलेली, पण जायला तर हवंच. धाकटी खोलीतून ते पांढरं हेल्मेट घेऊन आली. आमच्या स्वयंपाकघरात त्या बरणीच्या झाकणानंतर पहिल्यांदा कोणाच्या डोक्यावर हेल्मेट चढत होतं. आणि मी बघतच राहिले. धाकटीने ते दोन्ही तळव्यांत धरून दाबलं आणि कानाशी नेलं. आतला बाण बघितला. जाळ्याच्या वरच्या जागेतून बोट फिरवलं. ठमीच्या डोक्यावर घातलं, मागची चकती फिरवली, हनुवटीखाली पट्ट्यात बोटं घालून बघितली. मग म्हणाली, "मान खाली घाल." पोरीने घातली. पडलं नाही. इतकी वर्षं हे मला जे जे सांगत बसायचे, जेवताना, झोपताना, डोकं उठवायचे माझं, ते सगळं ही मशीनवर वाकून ऐकत होती. एक अक्षर सोडलं नव्हतं.

ठमी गेली. जिन्यातला तिच्या बुटांचा आवाज खाली उतरून बंद झाला. धाकटी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

"ताई," ती म्हणाली, "हे नवं घेऊन आले होते."

मला कळेना. म्हटलं, "कोण? आमचे हे?"

"नाही. आमचे. दादा म्हणाले वाजू दे, तरी ह्यांच्या मनातून जाईना. स्टोअरच्या म्हाताऱ्याने बळंच हातात दिलं होतं नवं. घरी घेऊन आले, म्हणाले, उद्यापासून हे घालतो. मीच नको म्हटलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी म्हटलं, दादांनी स्वतःच्या डोक्यावरचं काढून दिलंय तुम्हाला, त्यांना काय वाटेल? परत करा ते. आणि दादांना सांगूसुद्धा नका, त्यांचं मन दुखेल. सकाळी तांबड्या रेघेचं मीच हातात दिलं. हे हसले आणि घालून गेले."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"दादा त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले ना, मी मारला, मी मारला... तेव्हाच बोलायला हवं होतं मी. नाही झालं. मग दुसऱ्या दिवशीही नाही. मग ते समोर आले की भीती वाटायची, ताई. एक शब्द बोलले तर हेच बाहेर पडेल. बघितलं तर त्यांना कळेल. मला त्यांचा राग नव्हता हो. कधीच नव्हता."

माझ्या अंगाची अशी आग झाली! उठले आणि ओरडले तिच्यावर. "मग बोलायचं होतंस! अगं, एवढं बोलायचं होतंस! तो माणूस रोज मरत होता माझ्या डोळ्यांसमोर. निम्मं तरी ओझं उतरलं असतं त्यांचं. तसेच गेले गं ते, तसेच गेले!" तिने मान वर केली नाही. मी तिला मारलं असतं, खरंच मारलं असतं. पण तिच्याकडे बघितलं तर केस पांढरे झालेले, बोटांना सुयांची भोकं पडलेली, आणि खांदे अगदी ह्यांच्यासारखेच खाली गेलेले. मग मीही तिच्याशेजारी बसले. दोघी रडलो. किती वेळ ते ठाऊक नाही, दूध उतू जाऊन खालचा गॅस विझून गेला.

कधीतरी ती पदराने तोंड पुसून उठली. ओट्याशी गेली, गॅस बंद केला, फडकं ओलं केलं, सांडलेलं दूध पुसायला लागली. माझ्याकडे पाठ होती. आणि नेहमीच्या आवाजात, रोज भाजी गरम आहे म्हणायची त्याच आवाजात, ती म्हणाली,

"ताई, दादांना सांगा, ठीक बसलं."

मी सवयीने पाटाकडे वळले.